थापी हाती घेतलेले धर्मगुरू

(उल्हासनगर कॅम्प ४ येथील रात्रीच्या साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दिलेले भाषण)



दिवसभर कष्ट करून, घरचे आवरून तुम्ही या वर्गाला येता. तुमच्यापैकी काही इथे कॅम्पातच राहतात. काही जण अंबरनाथ-बदलापूरच्या पलीकडच्या खेड्यांतले. कामासाठी इथे येतात, आठवडाभर राहतात आणि सुट्टीला गावी जातात. थकलेले असूनही तुम्ही पाटी-पुस्तक सोडत नाही, याचे मला फार कौतुक वाटते.

मागच्या महिन्यात आपण सगळे मिळून अंबरनाथचे शिवमंदिर पाहायला गेलो होतो. वालधुनी नदीच्या काठचे ते काळ्या दगडाचे देऊळ तुम्ही लहानपणापासून पाहिलेले. महाशिवरात्रीला तिथे गेलेले. पण त्या दिवशी तुम्ही ते वाचायला गेलात. मी तुम्हाला सांगितले, की या देवळात एक शिलालेख आहे. शिलालेख म्हणजे दगडावर कोरलेले लिखाण. त्यात शके ९८२ हे साल आहे. म्हणजे इसवी सन १०६०. साडेनऊशे वर्षे होऊन गेली! कोकणात तेव्हा शिलाहार घराण्याचे राज्य होते. मुम्मुणी नावाचा राजा गादीवर होता.

कोणीतरी म्हणाले, "गुरुजी, हे तर हेमाडपंती देऊळ ना?" तसे सगळेच म्हणतात. पण हेमाडपंत हे देवगिरीच्या यादवांचे मंत्री. ते झाले त्यानंतर दोनशे वर्षांनी. दगडावर दगड बसवून, सांध्यात चुना न घालता बांधलेल्या कोणत्याही जुन्या देवळाला हेमाडपंती म्हणायची आपल्याकडे चालच पडली आहे.

तेवढ्यात आपल्या वर्गातले गवंडीदादा म्हणाले, "गुरुजी, राजानं बांधलं, मंत्र्यानं बांधलं म्हणता. त्यांनी एक तरी दगड उचलला का?"

सगळे हसले. पण आपल्या मावशी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं घमेली वाहिली. किती इमारतींवर वाहिली याची गणती नाही. आता वाचता येतं म्हणून परवा एका इमारतीचा दगड वाचला. पुढाऱ्याचं नाव आहे, साहेबाचं नाव आहे. माझं काय असणार?"

मंडळी, त्या दोन बोलण्यांनी माझी झोप उडाली. देऊळ खरे कोण बांधतो? पैसे देणारा? नकाशा काढणारा? की दगड उचलणारा? याचे उत्तर शोधताना मला एका माणसाची गोष्ट आठवली. या माणसाने नकाशाही काढला, दगडही उचलला आणि देवळात उभे राहून प्रार्थनाही म्हटली. तिन्ही कामे एकाच माणसाने केली. तो माणूस धर्माने ख्रिस्ती, जन्माने इंग्रज. पण त्याची गोष्ट तुमच्या-माझ्या कामाची आहे. म्हणून आज ती सांगतो. वसईकडचे आपले ख्रिस्ती बांधव चर्चला देऊळच म्हणतात. मीही तसेच म्हणेन.

त्यांचे नाव जॉन हॉज. इंग्लंडात लंडनजवळच्या रिचमंड गावी १८७६ साली त्यांचा जन्म झाला. वडील वकील. घरची स्थिती चांगली. सतराव्या वर्षी मुलाला घरांचे नकाशे काढणाऱ्यांच्या हाताखाली शिकायला घातले. अशा माणसाला आपण वास्तुकार म्हणतो, इंग्रजीत आर्किटेक्ट म्हणतात. त्या काळी लंडनमध्ये काही जाणती माणसे एक गोष्ट आवर्जून शिकवीत होती. ती म्हणजे, ज्याला इमारत आखायची आहे त्याने दगड, लाकूड, लोखंड हाताळून पाहावे. कागदावर रेघ ओढणे सोपे असते. ती रेघ दगडात उतरवताना काय होते, हे हाताला कळते. हॉज यांनी ही शिकवण मनात पक्की धरली.

पण नुसत्या नकाशांत त्यांचे मन रमेना. त्यांना देवाधर्माची ओढ होती. १९०३ साली ते धर्मगुरू झाले. ख्रिस्ती लोक धर्मगुरूला फादर म्हणतात, आपण पाद्री म्हणतो. त्यांच्या मनात एका संताने घर केले होते. इटली देशातल्या असिसी गावचे संत फ्रान्सिस. हे संत सुमारे आठशे वर्षांपूर्वी होऊन गेले. श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा हा मुलगा. त्याने सगळे सोडून दिले आणि अनवाणी फिरू लागला. एक पडके देऊळ दिसले, तेव्हा त्याने स्वतः दगड गोळा करून त्याची डागडुजी केली. फादर हॉज यांना वाटे, आपणही असेच जगावे. अंगावर साधे कपडे, पायांत काही नाही, हातात काम आणि तोंडी देवाचे नाव.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. अमेरिकेच्या पूर्वेला समुद्रात बहामा नावाची बेटे आहेत. तिथे मोठी चक्रीवादळे होतात. १९०८ साली असेच एक वादळ आले आणि त्यात अनेक देवळांची छपरे उडाली. ती नीट करायला कोण जाणार? ज्याला बांधकाम येते आणि जो पाद्रीही आहे, असाच माणूस हवा. फादर हॉज गेले.

तिथे त्यांनी पाहिले, की लाकडी छप्पर वादळात टिकत नाही. वादळातून वाचले तर वाळवी खाते. मग त्यांनी विचार केला, की छप्परसुद्धा भिंतीसारखे भक्कम, गोल वळणाचे करावे. वारा येईल आणि वरून निघून जाईल. धरायला त्याला कोपराच मिळणार नाही. गवंडीदादा, ही गोष्ट ध्यानात ठेवा. त्यांनी इंग्लंडातला नकाशा काढून बेटावर ठोकला नाही. आधी तिथला वारा पाहिला, तिथली वाळवी पाहिली, मग पेन्सिल उचलली.

१९११ साली त्यांच्या आयुष्यात मोठा बदल झाला. आपल्याकडे जसे निरनिराळे पंथ आहेत, तसे ख्रिस्ती धर्मातही आहेत. फादर हॉज इंग्लंडच्या अँग्लिकन पंथाचे होते. पुष्कळ विचार करून ते रोमन कॅथलिक पंथात गेले. वसईचे आपले ख्रिस्ती बांधवही बहुतेक याच पंथाचे. पंथ बदलल्यावर जुने धर्मगुरूपद राहिले नाही. सगळे पहिल्यापासून करावे लागले. काही काळ त्यांनी कॅनडा देशात मजुरी केली. नंतर रोम शहरी जाऊन अभ्यास केला. १९१५ साली, अडतिसाव्या वर्षी, ते पुन्हा धर्मगुरू झाले. मंडळी, तुम्हांला पन्नाशीत मुळाक्षरे गिरवायची लाज वाटते. असे वाटले की या माणसाची आठवण करा.

रोममध्ये त्यांना ऑस्ट्रेलियातले एक बिशप भेटले. बिशप म्हणजे एका मोठ्या मुलखातल्या सगळ्या पाद्र्यांचे प्रमुख. त्यांना आपल्या मुलखासाठी असा माणूस हवा होता, जो धर्माचे कामही करील आणि देवळेही बांधील. त्याच वर्षाच्या अखेरीस फादर हॉज ऑस्ट्रेलियाला पोचले.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर जेराल्डटन नावाचे बंदर आहे. तिथून आत गेले की कोरडा मुलूख लागतो. उन्हाळा कडक, पाऊस थोडा, माणसे दूर दूर पांगलेली. कुठे सोन्याच्या खाणी, कुठे गव्हाची शेते, कुठे मेंढ्यांचे कळप. या मुलखात जेराल्डटनपासून सुमारे शंभर किलोमीटर आत मुलेवा नावाचे छोटे गाव आहे. आपल्या रेल्वेच्या फाट्यावर गाव वाढते ना, तसे ते रेल्वेमुळे वाढलेले गाव. फादर हॉज तिथले पाद्री झाले.

गावाला धड देऊळ नव्हते. हातात पैसे थोडे. कारागीर मिळायची मारामार. मग फादरनी काय केले? कामाचे कपडे चढवले आणि दगडाला हात घातला. जवळपासचाच दगड आणला. तो स्वतः घडवला. भिंतीत स्वतः बसवला. मदतीला गावकरी आणि थोडे कामगार. १९२० साली काम सुरू झाले आणि १९२७ साली देऊळ उभे राहिले. तब्बल सात वर्षे लागली! या सात वर्षांत पाद्र्याची बाकीची कामे थांबली नव्हती. आजाऱ्याला भेटायला जायचे, लग्ने लावायची, मर्तिकाला जायचे, दूरच्या वस्त्यांवर प्रार्थनेला जायचे. तिथून परत आले की पुन्हा छिन्नी-हातोडा.

ते देऊळ कसे आहे? जाड दगडी भिंती. वर गोल कमानी. खिडक्या लहान. एका अंगाला घंटेचा मनोरा. आता तुम्ही विचाराल, खिडक्या लहान कशाला? उजेड नको का?

याचे उत्तर आपल्या जुन्या घरांत आहे. आपल्या आजोबांच्या घराची मातीची भिंत हातभर जाड असे. भर दुपारी बाहेर अंगाची लाही होत असली तरी आत गारवा लागे. का? जाड भिंत हळूहळू तापते. उन्हाची धग आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ होते. पातळ भिंत आणि पत्रा तासाभरात तापतो. मोठी खिडकी म्हणजे उन्हाला उघडलेले दारच. मुलेवाचा उन्हाळा पाहून फादर हॉजनी भिंती जाड केल्या आणि खिडक्या लहान केल्या. बेटावर त्यांनी वारा पाहिला होता, इथे ऊन पाहिले.

आणि कमानीचे म्हणाल, तर आपल्या गवंडीदादांना ते चांगले ठाऊक आहे. आधी खाली लाकडाचा सांगाडा लावतात. त्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे दगड रचत वर नेतात. सर्वांत वरचा मधला दगड घट्ट बसला की सगळे दगड एकमेकांना रेटून धरतात. मग सांगाडा काढला तरी कमान उभी राहते. अंबरनाथला अशी कमान नाही. तिथे एक दगड खालच्या दगडाच्या थोडा पुढे, त्यावरचा आणखी थोडा पुढे, असे करत वर मिळवले आहेत. रीत निराळी, पण मर्म एकच. प्रत्येक दगडाने शेजारच्याचा भार घ्यायचा. एकाने अंग काढले की सगळे खाली!

मुलेवाच्या आसपास आणि दूरदूरच्या गावांतही फादर हॉज यांनी देवळे आखली. मोरावा, पेरेंजोरी, नॉर्थॅम्प्टन ही त्यांतली काही गावे. यालगू नावाच्या आडगावी धर्मभगिनींच्या मठासाठी छोटेसे प्रार्थनाघर बांधले. जेराल्डटन शहरात तर मोठे मुख्य देऊळ बांधले. त्याला दोन मनोरे आणि मधोमध घुमट. ते काम १९१६ साली सुरू झाले, वर्षानुवर्षे अडकले आणि १९३८ साली पुरे झाले. आपल्या गावच्या कामाला दोन वर्षे उशीर झाला तर आपण हात टेकतो. त्यांनी बावीस वर्षे धीर धरला.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्या मुलखाचे मूळ रहिवासी म्हणजे तिथले आदिवासी. गोऱ्या लोकांनी त्यांच्या जमिनी घेतल्या आणि त्यांना गावाबाहेर ठेवले. आपल्याकडे ठाकूर, कातकरी यांचे पाडे गावाबाहेर असतात, तसेच म्हणा ना. मुलेवा गावाबाहेर एक मोठा खडक आहे. त्या खडकाजवळ जाऊन फादर हॉज आदिवासींसाठी प्रार्थना म्हणत. तो खडक आजही दाखवतात. एवढे कष्ट करून दगडी देऊळ बांधणारा माणूस, पण त्याला ठाऊक होते, की माणसे जमली आणि मन चांगले असले तर उघडा खडकही देऊळच असतो.

१९३९ साली फादर हॉज यांनी ऑस्ट्रेलिया सोडले. वय बासष्ट. माझ्यासारखा माणूस या वयात निवृत्तिवेतन घेऊन ओट्यावर बसतो. ते पुन्हा बहामाच्या बेटांवर गेले. आता त्यांना एकान्तात राहून देवाचे नाव घ्यायचे होते. कॅट नावाच्या बेटावर एक टेकडी आहे. उंची अवघी २०६ फूट. पण सगळ्या बहामा बेटांत तीच सर्वांत उंच जागा! त्या टेकडीवर त्यांनी स्वतःसाठी दगडाची मठी बांधली. लहानसे देऊळ, लहानसा मनोरा, झोपायला छोटी खोली. लांबून पाहिले तर मोठा मठ वाटावा आणि जवळ गेले तर लहान मुलाचे खेळणे वाटावे, अशी. तिथे ते अनवाणी राहत. लोक त्यांना फ्रा जेरोम म्हणू लागले. फ्रा म्हणजे भाऊ.

पण एकान्त कसला मिळतो! लोक येऊन म्हणत, "आमच्या गावाला देऊळ बांधून द्या." नाही म्हणणे त्यांना जमेना. पुन्हा नकाशे, पुन्हा दगड.

तिथल्या लाँग आयलंड नावाच्या बेटावर क्लॅरेन्स टाऊन म्हणून गाव आहे. या गावात दोन देवळे आहेत. एक अँग्लिकन पंथाचे, एक कॅथलिक पंथाचे. दोन्ही पांढरी, दोन्हींना मनोरे. तरुणपणी अँग्लिकन पाद्री असताना त्यांनी पहिले बांधले. म्हातारपणी कॅथलिक झाल्यावर दुसरे बांधले. दोन पंथांची देवळे, बांधणारे हात एकच! आपल्याकडे एका आळीचे देऊळ दुसऱ्या आळीला चालत नाही. त्यांनी ही गोष्ट ऐकावी.

१९५६ साली जून महिन्यात त्यांना देवाज्ञा झाली. त्याच टेकडीवर, मठीखालच्या गुहेत त्यांना मूठमाती दिली.

मंडळी, इथे त्यांची गोष्ट संपते. पण मी ती का सांगितली, हे सांगायचे राहिले आहे. ते सांगायला मला थोडा कमीपणा वाटतो. तरी सांगतो.

माझे गाव बदलापूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. गावात ग्रामदेवतेचे जुने देऊळ होते. जोते काळ्या दगडाचे, खांब सागवानी, वर कौले. दारात एक कोरीव दगड उभा होता. त्यावर घोडेस्वार होता, खाली गाई होत्या. त्याला आम्ही म्हातारबाबा म्हणत असू आणि शेंदूर लावत असू. पुढे मोठा झाल्यावर मला कळले, की तो वीरगळ होता. गावच्या गाई राखताना मेलेल्या कोणा वीराची ती आठवण. त्यालाही नाव नव्हते, पण निदान दगड होता.

वीस वर्षांपूर्वी गावकीने ठरवले, देऊळ पाडून नवे बांधायचे. वर्गणी जमली. बाहेरचा एक ठेकेदार आला. त्याने गुळगुळीत कागदावर रंगीत चित्र दाखवले. गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने हात जोडून सांगितले, "जोतं शाबूत आहे. खांब शाबूत आहेत. नुसती कौलं नि वासे बदला. मी मजुरी घेणार नाही." तो माझ्याकडे पाहत होता. मी मुख्याध्यापक. गाव माझा शब्द मानत असे. पण मी गप्प बसलो. वाटले, लोकांना नवे हवे आहे, आपण कशाला वाईटपणा घ्या? मीही हात वर केला.

देऊळ पाडले. घडीव दगड ओढ्याच्या भरावात गेले. म्हातारबाबाही त्यांच्याबरोबर गेले. आज तिथे स्लॅबचे देऊळ आहे. भिंतींना चकचकीत फरश्या. पावसाळ्यात स्लॅब गळतो. चैत्रात जत्रेला दुपारी आत उभे राहवत नाही, म्हणून पंखे लावले. वीज गेली की पुजारीसुद्धा बाहेर चिंचेखाली येऊन बसतो. पूर्वी त्याच देवळात दुपारी अर्धे गाव विसाव्याला येत असे. तो म्हातारा गवंडी पुढच्याच वर्षी गेला. मरेपर्यंत तो त्या देवळात आला नाही. बाहेरूनच हात जोडी.

सिमेंट वाईट आणि दगड चांगला, असे मी म्हणत नाही. बेटावर वादळ असते म्हणून फादर हॉज यांनी सिमेंटकाँक्रीटही वापरले. प्रश्न वस्तूचा नाही. आधी विचार केला का, हा प्रश्न आहे. आम्ही विचार केला नाही. चित्र पाहिले आणि हात वर केले. फादर हॉज यांचे चरित्र मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा मला मुलेवाचे देऊळ दिसले नाही. मला तो म्हातारा गवंडी दिसला.

आता कामाचे बोलतो. तुमच्यापैकी तिघा-चौघांनी मला सांगितले, की तुमच्याही गावात जुने देऊळ पाडून नवे बांधायचे चालले आहे. येत्या अमावास्येनंतर गावकीची बैठक आहे. तुम्ही बैठकीला जाल. पूर्वी तुम्ही मागे बसत होता. कागद पुढे आला की अंगठा उमटवत होता. आता तुम्हांला वाचता येते. म्हणून पुढे बसा आणि तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न. जुन्यातले शाबूत काय आहे? पाया, जोते, खांब एखाद्या जाणत्या गवंड्याकडून तपासून घ्या. धोका असेल तर हट्ट धरू नका. माणसाचा जीव दगडापेक्षा मोठा. पण जे शाबूत आहे ते राखा. कोरीव दगड, वीरगळ, लेख असेल तर त्याला हात लावण्याआधी सरकारच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. शेंदूर, रंग, सिमेंट त्यावर फासू नका. अक्षरे बुजली तर ती पुन्हा कोण लिहिणार?

दुसरा प्रश्न. हा नकाशा आपल्या गावासाठी काढला आहे का? आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस, मग कडक ऊन. पाणी कुठून वाहून जाईल? दुपारी आत गारवा राहील का? म्हातारी माणसे पायऱ्या चढतील का? ठेकेदाराला विचारा, "भाऊ, तुम्ही आमच्या गावात पावसाळ्यात एकदा तरी आलात का?"

तिसरा प्रश्न. या कामात गावाचा हात किती? नुसती वर्गणी देऊन देऊळ आपले होत नाही. एक दिवस श्रमदान करा. ज्याने दगड वाहिला तो त्या भिंतीवर पानाची पिचकारी मारणार नाही. आणि हिशेबाची वही मागा. ती वाचा. वाचायला म्हणून तर आपण शिकलो.

कोणी म्हणेल, "हा काल शिकलेला, हा आम्हांला काय शिकवतो?" म्हणू द्या. रागावू नका, आवाज चढवू नका. एकदा विचारून ऐकले नाही तर दुसऱ्यांदा विचारा. तरीही गावाने उलट ठरवले तर गावाबरोबर राहा. पण गप्प राहिल्याचे ओझे मनावर घेऊन घरी जाऊ नका. ते ओझे फार दिवस उतरत नाही. मी ते वीस वर्षे वाहतो आहे.

आता मावशींचा प्रश्न उरला. दगडावर नाव कोणाचे? मावशी, मी तुम्हांला खोटा धीर देणार नाही. अंबरनाथचे दगड घडवणाऱ्या, वाहणाऱ्या हातांची नावे काळाबरोबर गेली. फादर हॉज यांचे नाव राहिले, पण मुलेवाला त्यांच्याबरोबर दगड उचलणाऱ्या सगळ्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? मात्र एक गोष्ट आज आपल्या हाती आहे. देवळाच्या हिशेबाच्या वहीत शेवटची दोन पाने कोरी ठेवायला सांगा. कोणी दगड फोडला, कोणी चुना कालवला, कोणी घमेले वाहिले, त्या सगळ्यांची नावे त्यात लिहा. बाईचे नाव नवऱ्याच्या नावाखाली झाकू नका. त्याला खर्च लागत नाही, परवानगी लागत नाही. लिहिता येणारा माणूस लागतो. तो आता तुमच्या गावात आहे.

मावशी, तुम्ही पुढच्या आठवड्यात एक काम करा. तुम्ही ज्या ज्या कामांवर घमेली वाहिली, त्यांतली आठवतील तेवढी वहीत लिहून आणा. गावाचे नाव, इमारत कसली, साल आठवले तर साल. चुका झाल्या तरी चालतील. आपण सगळे ती यादी मोठ्याने वाचू.

रात्र झाली आहे. तुम्हांला पहाटे उठायचे आहे. माझे बोलणे इथे थांबवतो. नमस्कार.

विचार करा आणि उत्तरे लिहा

१. बहामा बेटांवर फादर हॉज यांनी छपरे भक्कम आणि गोल का केली?
२. मुलेवा गावच्या देवळाच्या भिंती जाड आणि खिडक्या लहान का आहेत?
३. वीरगळ म्हणजे काय? तुमच्या गावात असा दगड आहे का? तो कुठे आहे?
४. तुमच्या गावचे देऊळ, शाळा किंवा चावडी कोणी बांधली? गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि काम करणाऱ्या पाच जणांची नावे वहीत लिहा.